वस्तऱ्याने केस राठ होत नाहीत. मग हनुवटीवर केस का वाढतात?

“अगं, ब्लेड लावू नकोस, केस राठ येतील.” “एकदा का दोरा फिरवलास, की मिशा वाढतच जाणार बघ.” ही वाक्यं ऐकली नाहीत अशी मुलगी आपल्या हातकणंगले तालुक्यात शोधूनही सापडणार नाही. आई सांगते, मावशी सांगते, पार्लरवाल्या ताई सांगतात. त्यामुळे हातापायावरची लव काढावी की नाही, हा प्रश्न घेऊन मुली येतात तेव्हा त्यांच्या मनात उत्तर आधीच पक्कं झालेलं असतं.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली सोपी आहे: केस कापल्याने तो दाट, राठ किंवा जास्त काळा होत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची आहे: हा गैरसमज निरुपद्रवी नाही. सगळा दोष वस्तऱ्यावर आणि दोऱ्यावर टाकला, की केस वाढण्याचं खरं कारण शोधायचं राहून जातं. त्याचा त्रास त्या मुलीला पुढे अनेक वर्षं होतो.

हा समज आला कुठून?

आपण शेतीतली माणसं. ऊस तोडला की खोडव्याला फुटवे येतात. कुंपणाची मेंदी छाटली की ती दाट होते. मग केसांचंही तसंच असेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण इथेच फरक आहे. उसाच्या बुडख्यात जिवंत डोळे असतात, म्हणून तो फुटतो. त्वचेच्या वर दिसणारा केस मात्र निर्जीव असतो, नखासारखा. त्यात रक्त नसतं, नस नसते, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग असतो तो त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी. वर वस्तरा फिरला याची त्या मुळाला खबरही लागत नाही. आयुष्यभर दर आठवड्याला नखं कापून कोणाची नखं जाड झाली आहेत का?

मग दाढी केल्यावर हाताला खरखर का लागते? न कापलेला केस टोकाला निमुळता असतो, म्हणून मऊ लागतो. वस्तरा त्याला मध्येच, जिथे तो जाड असतो तिथे आडवा छेद देतो. ते बोथट टोक वर आलं की टोचतं. आखूड केस वाकत नाही, म्हणून ताठ वाटतो. नवीन केसावर अजून ऊन, साबण यांचा परिणाम झालेला नसतो, म्हणून तो गडद दिसतो. बाकी केसाची जाडी तीच, संख्याही तीच.

पुरावा काय?

हा प्रश्न शास्त्रज्ञांना फार जुना आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. वस्तऱ्याने केसाच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडल्याचं त्यांना दिसलं नाही. १९७० साली दुसऱ्या एका अभ्यासात पाच तरुणांचा एक पाय अनेक महिने दर आठवड्याला वस्तऱ्याने साफ केला आणि दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांवरच्या केसांत फरक नव्हता.

अभ्यास लांबचे वाटत असतील तर जवळचं पाहू. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस आपल्या हातकणंगले स्टेशनवरूनच जाते. आपल्याकडची किती माणसं बालाजीला केस देऊन येतात! वस्तऱ्याने केस दाट होत असते, तर टक्कल पडायला लागलेला प्रत्येक माणूस परत आल्यावर चार महिन्यांत भरघोस केस घेऊन फिरला असता. तसं होत नाही. जिथे केस होते तिथेच परत येतात, जिथे विरळ होते तिथे विरळच येतात.

वस्तऱ्याचं झालं. आता केस उपटण्याचं. वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, एपिलेटर या सगळ्यांत केस मुळापासून ओढला जातो. आपल्याच तालुक्यात कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर आहे. दिगंबर जैन मुनींचा केशलोच या भागातल्या अनेकांनी पाहिला असेल. मुनी दोन ते चार महिन्यांच्या अंतराने डोक्याचे आणि दाढीमिशांचे केस स्वतःच्या हाताने उपटतात. त्यामागचा हेतू वैराग्याचा आहे, केसांशी त्याचा संबंध नाही. पण डॉक्टर म्हणून मला त्यातून एक गोष्ट दिसते. दीक्षेनंतर आयुष्यभर पुन्हा पुन्हा केशलोच करावा लागतो, म्हणजे केस उपटला तरी त्याचं मूळ सहसा मरत नाही, त्यातून पुन्हा केस येतो. आणि एका मुळातून केस उपटला म्हणून शेजारी नवीन मूळ तयार होत नाही. माणसाच्या केसांची सगळी मुळं जन्माआधीच तयार झालेली असतात.

बाळाच्या जावळाचंही तेच. जावळ काढणं हा आपला संस्कार आहे, तो आनंदाने करा. पण बाळाचे सुरुवातीचे मऊ केस पहिल्या वर्षभरात आपोआप गळून त्या जागी थोडे जाड केस येत असतात. जावळ नेमकं त्याच सुमारास काढतात, म्हणून श्रेय वस्तऱ्याला मिळतं. तसंच, अंगावरची लव जावी म्हणून तान्ह्या बाळाला डाळीच्या पिठाने किंवा कणकेच्या गोळ्याने खसखसून घासू नका. ती लव काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप जाते. घासल्याने नाजूक त्वचा मात्र सोलवटते.

जागा बदलली की केसाचा स्वभाव बदलतो

मग एकाच पद्धतीने केस काढले तरी पायावर एक अनुभव आणि हनुवटीवर दुसरा, असं का? कारण प्रत्येक जागेचा केस वेगळा आहे. केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. डोक्याचा केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणून तो लांब होतो. पायाचा केस काही महिनेच वाढतो. भुवईचा जेमतेम महिना-दोन महिने, म्हणून भुवया कधी खांद्यापर्यंत येत नाहीत.

दुसरा फरक हार्मोनचा. अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन. ते स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतातच. वयात येताना त्यांच्यामुळे काखेतली आणि जांघेतली लव राठ होते. प्रमाण वाढलं, किंवा मुळं त्यांना जास्त दाद देणारी असली, तर ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली राठ केस येतात. गंमत म्हणजे हेच हार्मोन डोक्यावरचे केस बारीक करतात. भुवया आणि पापण्यांना त्यांचं फारसं देणंघेणं नसतं.

हे लक्षात ठेवून एकेक जागा पाहू.

हात आणि पाय: वस्तरा, क्रीम, वॅक्स, काहीही चालतं. वस्तऱ्याने दोन-तीन दिवसांत खुंट वर येतात, क्रीमने साधारण आठवडाभर, वॅक्सने तीन ते सहा आठवडे त्वचा मऊ राहते. वॅक्सनंतर केस ‘कमी आले’ असं वाटतं, कारण सगळे केस एकाच वेळी उगवत नाहीत आणि नव्या केसाचं टोक निमुळतं असतं.

काख आणि जांघ: इथला केस जाड आणि वळणदार असतो. वस्तऱ्याने किंवा वॅक्सने काढला की तो परत येताना त्वचेतच वळतो, पुळी येते, पू होतो, पुढे डाग राहतो. आपल्या सावळ्या त्वचेवर असे डाग लवकर पडतात आणि महिनोन्‌महिने जात नाहीत. काख काळी पडण्याचं एक कारण हे असतं. या जागी कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करणं पुरेसं आहे. नाजूक जागी केस काढण्याची क्रीम वापरू नका, त्वचा भाजते. हे केस म्हणजे अस्वच्छता नव्हे. बाळंतपणाआधी ते सरसकट काढू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं आहे.

भुवया: इथे इशारा उलटा आहे. वर्षानुवर्षं फार बारीक कोरलेल्या भुवया काही जणींच्या पुन्हा पूर्ण भरत नाहीत. वारंवार ओढल्याने काही मुळं कायमची निकामी होतात. फॅशन बदलते, भुवई परत येईलच असं नाही.

वरचा ओठ, हनुवटी, गाल: सगळ्यात जास्त दोष दोऱ्याला इथेच दिला जातो. मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी पहिल्यांदा थ्रेडिंग करते. त्यानंतरच्या काही वर्षांत तिच्या चेहऱ्यावरचे केस हार्मोनमुळे तसेही थोडे वाढणारच असतात. मुलांचंही पाहा, सोळाव्या वर्षी दाढी करायला लागतात आणि पंचविशीपर्यंत दाढी भरत जाते. न केलेल्याचीही भरतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसं हे आहे.

या गैरसमजाने नुकसान काय होतं?

समजा, एका मुलीच्या हनुवटीवर काळे, राठ केस वाढत आहेत. घरात तिला ऐकवलं जातं, “तूच दोरा फिरवून घेतलास, आता भोग.” तिलाही ते पटतं. ती ओढणीने तोंड झाकते, फोटोत मागे उभी राहते, लग्नाचं बघायला येणार म्हटलं की घाबरते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण केस आणि पाळी यांचा संबंध असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

हा संबंध असतो, आणि बऱ्याचदा असतो. स्त्रियांच्या चेहऱ्यावर पुरुषांसारखे राठ केस येण्यामागे सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे पीसीओएस, ज्याला बहुतेक जण पीसीओडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या दर १०० स्त्रियांपैकी साधारण १० ते १३ जणींना हा त्रास असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचं निदानच झालेलं नसतं. यात प्रश्न फक्त दिसण्याचा नसतो. पाळी अनियमित होते, गर्भ राहायला अडचण येते, पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळा, जाडसर थर येतो, तोही शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असू शकतो. तो मळ समजून दगडाने घासणाऱ्या मुली आहेत. म्हणजे हनुवटीवरचा केस कधी कधी दहा वर्षं आधी इशारा देत असतो, आणि आपण दोऱ्याशी भांडत बसतो.

दुसरं कारण आपल्या घरातच असू शकतं. गोरं दिसण्यासाठी किंवा वांग जाण्यासाठी मेडिकलमधून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुमं येतात आणि गालांवर केस वाढतात. दोऱ्याला घाबरणारी मुलगी ही ट्यूब मात्र बिनधास्त लावते.

आणि लेझर?

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. जो वस्तरा केस वाढवत नाही, त्याला आपण घाबरतो. पण ‘कायमचे केस घालवा’ अशा जाहिरातीवर विश्वास ठेवून, कसलीही तपासणी न करता लेझरला जातो. लेझर हे चांगलं साधन आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच्याबद्दलच्या चार गोष्टी आधी कोणीतरी सांगायला हव्यात.

एक, लेझरने केस बऱ्याच काळासाठी कमी होतात. एकही केस पुन्हा येणार नाही, अशी हमी त्यात नसते. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतं आणि वाढीच्या टप्प्यात असलेल्या मुळांवरच नीट परिणाम करतं. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा करावं लागतं. पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही.

दोन, सावळ्या त्वचेत रंग जास्त असतो. चुकीचं यंत्र किंवा चुकीची मात्रा वापरली तर त्वचा भाजते आणि डाग पडतात.

तीन, केस काढण्याच्या पद्धतींपैकी लेझर आणि त्यासारखे प्रकाशाचे उपचार यांनीच कधी कधी खरोखर केस वाढतात. त्वचारोगशास्त्रात याला पॅराडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस म्हणतात. हे सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं. पण होतं ते मुख्यतः चेहऱ्यावर, जबड्याच्या कडेला आणि मानेवर, आणि जास्त करून सावळ्या त्वचेच्या व हार्मोनचा त्रास असलेल्या स्त्रियांत. म्हणजे नेमकं आपल्या मुलींत. काखेत किंवा पायावर हा धोका बराच कमी आहे.

चार, हार्मोन बिघडलेलेच असतील तर लेझरने जुनी मुळं शांत होतात, पण शेजारच्या लवेचे नवे राठ केस होत राहतात. शेत भरून तण आहे, ते खुरपलं, पण तणाचं बी रोज पडतंच आहे, अशी अवस्था. मग “लेझरने वाढले” अशी तक्रार येते आणि पैसे गेलेले असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: हनुवटीवर, जबड्यावर किंवा मानेवर राठ केस वाढत असतील, तर आधी तपासणी आणि मग लेझर. आणि लेझर करणार तो त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

मग करायचं काय?

हातापायावर, काखेत, ओठावर थोडी लव आहे, पाळी नियमित आहे, आईचं-आजीचंही असंच आहे? तर तो आजार नाही. काढायची तर काढा, नाही काढली तरी काही बिघडत नाही. पद्धत निवडताना दुखणं, खर्च, वेळ आणि त्वचेला होणारा त्रास एवढंच पाहा. चेहऱ्यावर वस्तरा चालवला तरी मिशा येणार नाहीत. ब्लेड स्वतःचं आणि नवीन ठेवा, आधी त्वचा ओली करा, केसाच्या दिशेने फिरवा. मुरुमांसाठी व्हिटॅमिन ए गटातली गोळी किंवा मलम चालू असेल तर वॅक्स करू नका, साल निघते.

पुढीलपैकी काहीही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा:

- हनुवटी, छाती, पाठ किंवा बेंबीखाली राठ, काळे केस येणं
- दोन पाळ्यांत सतत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या
- केसांबरोबर वजन वाढणं, न जाणारी मुरुमं, डोक्याचे केस विरळ होणं
- आठ वर्षांच्या आतल्या मुलीला काखेत किंवा जांघेत केस येणं

केस दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, किंवा पाळी गेल्यानंतर अचानक दाढीमिशा येऊ लागल्या, तर थांबू नका. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते.

तपासणी फार अवघड नसते. आधी नीट विचारपूस, मग काही रक्ताच्या चाचण्या आणि गरज असेल तर सोनोग्राफी. इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय आणि कोल्हापूरचं सीपीआर ही सरकारी रुग्णालयं आपल्याला जवळ आहेत. लग्न झालेलं नसलं तरी मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायला संकोच करू नका. पोटावरून सोनोग्राफी होते, आतून तपासणीची सहसा गरज पडत नाही.

उपचार सुरू झाले तरी धीर हवा. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला किमान सहा महिने लागतात, कारण आज दिसणारा केस आधीच घडलेला असतो. गोळ्या नवे राठ केस येणं रोखतात, आधी राठ झालेले केस काढावेच लागतात. म्हणून औषध चालू असतानाही दोरा, वस्तरा वापरायला हरकत नाही. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या मात्र आणू नका. यातली काही औषधं घेताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो.

शेवटी आयांना एक विनंती. मुलगी पहिल्यांदा ब्लेड हातात घेईल तेव्हा तिला ओरडू नका. तिची पाळी वेळेवर येते का, हे तेवढं विचारा. आणि हनुवटीवरचे केस दाखवत ती तुमच्याकडे आली, तर “तूच वाढवलेस” असं तिला म्हणू नका. ते तिने वाढवलेले नसतात.